वर्गात फक्त ग्रीक

सोलापूर, शुक्रवार, २० सप्टेंबर १९७४

दानिएल खाली बसला, तेच सारखं डोळ्यांपुढे येतंय. चर्चचे पाळक होणाऱ्या मुलांना बायबलचं मूळ ग्रीक यावं म्हणून वर्गात मराठी बंद, हा माझाच नियम. तो तास चालू असताना उभा राहिला. "सर, मला जरा..." मी फळ्याकडून वळलोही नाही. "ग्रीकमध्ये." तो अडखळला आणि खाली बसला. मग तास संपेपर्यंत माझी वाक्यं उतरवून घेत राहिला.

बाहेर आल्यावर म्हणाला, "आई गेली, सर. गावाकडनं माणूस आलाय, मघाशी खिडकीतनं सांगितलं त्यानं." तोवर बार्शीची एसटी गेली होती. मातीला पोहोचला असेल का? मी नुसतं वळून त्याचं तोंड बघितलं असतं तरी... निघताना त्यानं माझीच माफी मागितली. "ग्रीकमधी सांगता आलं न्हाय, सर."