पांढऱ्या रेघेचं स्टेशन

रेड बट, १ नोव्हेंबर १९०९

प्रिय एल्डनदादास,
लेटीचा स. न. वि. वि.

आईच्या शेजारच्या टटलकाकूंची तार आली. आईचं हृदय थकलंय, आठवडा काढला तर नशीब, असं डॉक्टर म्हणाले. मी शुक्रवारी निघतेय. माझी दक्षिण कंपनीची गाडी तुझ्या कॉटनवुडला १०.१०ला येते आणि आईकडे पाइन क्रीकला जाणारी तुमच्या उत्तर कंपनीची १०.२०ला सुटते. पुढची थेट सोमवारी. माझं तिकीट तेवढं काढून ठेव ना. कॉफीही पाजलीस तर आजवरच्या तुझ्या सगळ्या खोड्या माफ!

तुझी,
लेटी

कॉटनवुड, २ नोव्हेंबर

चि. लेटीस,
अनेक आशीर्वाद.

तू दक्षिणेची प्रवासी, तेव्हा आमचा इतिहास ऐकून ठेव. वीस वर्षांपूर्वी उत्तर आणि दक्षिण, दोन्ही रेल्वे कंपन्यांना हीच जागा हवी होती. कोर्टाने एकच स्टेशन बांधायला लावलं, तर यांनी आत मधोमध पांढरी रेघ मारली. शेगडी आमच्या बाजूला. दक्षिणेचं तान्हं मूल जरी शेकायला आलं तरी मी उठवतो. म्हणून तर हमालाचा स्टेशन-एजंट झालो, बाईसाहेब.

तिकीट ज्याचं त्याने घ्यायचं. खिडकी गाडी सुटण्याआधी पाच मिनिटं बंद होते. तू जन्माची वेंधळी, जरा पळायला शीक. बाबांच्या दफनाला मी आलो नाही, तेव्हापासून आईने मला टाकलंय. आताही तिने तुलाच बोलावलंय, हे माझ्या लक्षात आलंय बरं.

तुझा भाऊ,
एल्डन

पाइन क्रीक, १० नोव्हेंबर

एल्डन,

माझी गाडी सात मिनिटं उशिरा आली. मी धावले. मी तुझ्या खिडकीच्या काचेवर हात आपटत होते. तू माझ्याकडे पाहिलंस, घड्याळाकडे पाहिलंस आणि पडदा ओढलास. उत्तरेची गाडी आणखी तीन मिनिटं समोर उभी होती. तिकिटाशिवाय गार्डने चढू दिलं नाही. तीन दिवस मी रेघेच्या अलीकडे, दक्षिणेच्या बाजूला गारठत बसले. तू रोज शेगडीत लाकडं घालत होतास.

आई रविवारी गेली.

टटलकाकू म्हणाल्या, शेवटी ती माझं नाव घेतच नव्हती. तुझंच घेत होती. तुझ्यासाठी तिने एक निरोप ठेवलाय. तो तुला कळवायचं काम काकूंनी माझ्यावर सोपवलं. मी तो तुला कधीच सांगणार नाही, आणि काकूंनाही शपथ घातली आहे.

निरोप चांगला होता, दादा. तू आयुष्यभर ज्याची वाट पाहिलीस, तोच होता.

उत्तर पाठवू नकोस. लोभ संपला.

लेटी