पेनाबाईंच्या निधनाचा कागद

६ मार्च २०२४, बुधवार, दुपारी ३.५०
वाचनालयातल्या मुलांच्या खोलीत सहा छोट्या खुर्च्या पुसत आहे. चार वाजता बालवाचनाचा तास.

४.४०. एकच मूल आलं. रायना, वय सात. तिची आजी वरच्या मजल्यावर गायनमंडळात असते, तोवर रायना खाली. पण येते ती माझ्यासाठीच, हे उघड आहे. नवं चित्रपुस्तक वाचलं. पेना नावाची सभ्य कोंबडी कोल्ह्याला जेवायला बोलावते. शेवटच्या पानावर कोल्हा एकटाच तोंड पुसत बसलेला. रायना खो खो हसली. म्हणाली, परत मरू दे तिला. तीनदा वाचलं.

वाचनालयाच्या सेक्रेटरी गीनामावशींनी बजावलं, सत्तावीस तारखेला पाच मुलं दिसली नाहीत तर तास बंद आणि खोली गायनमंडळाला. वर त्यांचं छत गळतं. मी म्हटलं, पाच कसली, पंधरा येतील. म्हणाल्या, बाळा, आधी दुसरं आण.

१३ मार्च
रायनाच. ऊन फार छान पडलं की मुलं येत नाहीत. तिने विचारलं, पेना मेली, मग तिचा कागद कुठाय? आमच्या आजोबांचा अजून फाटकावर आहे, फोटोसकट. मुद्दा बिनतोड; आमच्याकडे कुणी गेलं की काळ्या चौकटीचा कागद गावभर चिकटवतात. त्यातून जाहिरातीची कल्पना मला सुचली. (तिलाही सुचली असेल.)

१४ मार्च, सकाळी ९
कागद तयार. काळी चौकट. ‘अत्यंत दुःखाने कळवतो की आमची लाडकी पेना आपल्याला अचानक सोडून गेली. बुधवारी चार वाजता वाचनालयात जमावे.’ शुद्धलेखन चार वेळा तपासलं. ‘कोंबडी’ हा शब्द कालच रायनाने खोडायला लावला. मेल्यावर कुणी लिहितं का, ही माणूस होती म्हणून? चित्र तिचंच, डोक्याला रुमाल बांधलेली पेना. झेरॉक्समध्ये चोच जरा बुजली. बेकरी, औषधांचं दुकान, बसथांबा मिळून चौदा कागद चिकटवले. आता खुर्च्या कमी पडणार.

२० मार्च
कमीच पडल्या. एकोणीस माणसं आली. रायना सोडली तर सगळ्यांत तरुण अडुसष्ट वर्षांची. हातात फुलं, मयताला नेतात तशी जोडीने मोजून. मेलेल्याच्या नावाने वाटायच्या शिजवलेल्या गव्हाची दोन पातेली, वर साखर. एक आजी विचारत होती, कुठली गं पेना, दूधवाली? दुसरी म्हणाली, छे, ती मागेच गेली, ही पोस्टातल्या स्लावीची बायको. त्यावर मागून स्लावीची बायकोच ओरडली, अगं, मी इथे बसलेय!

मी न डगमगता पुस्तक उघडलं. कोल्हा दारात आला तेव्हा रायनाची आजी म्हणाली, हा तर हुबेहूब माझा जावई. पुस्तक मिटलं. मग एका आजोबांनी टोपी काढली, देव तिला क्षमा करो म्हणाले, आणि गहू मागितला. सगळे डोळे पुसेपर्यंत हसले. रायनाने गहू वाटला. इतक्या माणसांनी एकाच वेळी माझ्याकडे आजवर कधी पाहिलं नव्हतं.

गीनामावशींनी मोजलं. मुलं एक. मी म्हटलं, नियमात वय कुठे लिहिलंय? म्हणाल्या, ‘बालवाचन’ काय मी ठेवलं नाव, त्स्वेतान?

काळजी नाही. निघताना सात जण म्हणाले, पुन्हा येऊ.

२७ मार्च, ४.३०
कुणी आलं नाही. या आठवड्यात गावात कुणी देवाघरी गेलंच नाही.

५.१०. गायनमंडळ खाली आलं, खोली ताब्यात घ्यायला. त्याच आज्या. एकीने माझा गाल ओढला, पेनाचा नातेवाईक ना रे तू? रायना आजीजवळ, पहिल्या ओळीत. तिने हात केला. मीही केला असता, पण दोन्ही हातांत खुर्च्या होत्या. गीनामावशी म्हणाल्या, गाता येत असेल तर थांब. येत नाही असं नाही. सराव नाही.

पोरा, दार बाहेरून ओढून घे, वारा येतो, असं आतून कुणीतरी म्हणालं.

ओढलं. नीट लागलं आहे.