बंद कॉम्प्युटरातली यमुना

२१ सप्टें., रविवार
गावाहून चुलतभाऊ वासुदेवचा फोन. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत गावचं मंडळ यंदा बाबांचंच नाटक बसवणार. "हँडबिलावर मोठेबाबाचं नाव सगळ्यात वरतं टाकतो, ताई." बाबा खाटेवर ताडकन उठून बसले. 'बांधावरची सून' लिहून अठरा वर्षं झाली, एकदाही स्टेजवर गेलं नाही. वही उधईनं खाल्ली. बाबांचे डोळे काचबिंदूनं नेले. आता नाटक आहे ते फक्त माझ्या जुन्या कॉम्प.मध्ये. डीटीपीचं दुकान होतं तेव्हा मीच टाइप केलेलं.
वरची चादर काढली, बटन दाबलं. पंखा घुर्र करतो, स्क्रीन काळी ठिक्कर. बाबा खाटेवरून विचारतात, झाला का चालू. दहा वेळा विचारलं. दहाही वेळा नाही.

२३ सप्टें., मंगळवार
रॅम काढून खोडरबरनं घासली, पुन्हा बसवली. आता पंखाही बंद. म्हणजे जे उरलंसुरलं होतं ते मीच मारलं. बाबांचा सल्ला, बाजूनं एक थापड मार, आपला रेडिओ तसाच चाले. मारलीही, काय करता.
शेवटी डबा चादरीत गुंडाळून ऑटोनं बसस्टँडजवळ हेमंतच्या रिपेअरिंगच्या दुकानात नेला. त्यानं पाहिलं अन् हसला. बोर्ड गेला म्हणे, पण हार्डडिस्क चालू असली तर फायली निघतील. उद्या या.

२६ सप्टें., शुक्रवार
'उद्या'चा आज तिसरा दिवस. गेली. हेमंत खूश. डिस्क चालली, फोटो निघाले, लग्नपत्रिकांची चित्रं निघाली. मी म्हटलं, नाटक? नाटक-बिटक काही नव्हतं म्हणे. पुष्कळशा फायली करप्ट होत्या, उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं नुसती, त्या कचऱ्यासकट उडवून डिस्क साफ करून दिली. पुरावा म्हणून मोबाइलवर एका पानाचा फोटोही काढून ठेवलेला.
पाहिला. अर्धविराम, ई, क्यू, यू, के.
"हे यमुना होय," म्हटलं. "नाटकातली सून. जुना मराठी फॉन्ट तुझ्या मशीनवर नाही, म्हणून तुले इंग्रजी दिसते." पुढच्या चार ओळी त्याला धडाधड वाचून दाखवल्या. वीस वर्षं त्या कीबोर्डवर बोटं झिजवली, मला फॉन्ट लागत नाही. त्याचं तोंड उतरलं. भैताड कुठला. तीस-बत्तीसचा आहे, मराठी टाइपिंग त्यानं मोबाइलवरच पाहिलेलं. पण विचारायचं तरी एकदा!
उडवलेलं परत काढता येते का पाहतो म्हणाला. मी म्हटलं, तोवर त्या डिस्कवर नवीन काही टाकू नको बाप्पा.

२७ सप्टें., शनिवार
बाबांना सांगितलं, काम चालू आहे. खोटंच. वासुदेवचा पुन्हा फोन. सोमवारपासून तालीम, हातात काही नाही तं दुसरं नाटक उचलतो म्हणे. बाबांनी ऐकलं. दुपारी जेवले नाहीत. मग चार वाजता एकदम, "वही घे. मी सांगतो, तू लिव."

२८ सप्टें., रविवार
पहिला अंक झाला. माणसाला काल काय खाल्लं आठवत नाही, नाटक मात्र तोंडपाठ! पण सांगायची तऱ्हा, देवा. स्वल्पविरामसुद्धा सांगतात. प्रत्येक पात्राचा आवाज काढतात. मी "बाबा, हळू" म्हटलं की त्यांची लय तुटते, मग पान पहिल्यापासून. बोटं सुजली. वासुदेवला फोटो काढून पाठवलं.

१ ऑक्टो., बुधवार
दुसरा अंकही गेला. तिसऱ्यावर आमचं वाजलं. मला पक्कं आठवते, यमुना शेवटी बोडीच्या पाण्यात जीव देते. आज बाबा सांगून राहिले, ती काठावरून परत फिरते, घरी येते, चुलीजवळ बसते अन् नवऱ्याला म्हणते, "बसा, गरम गरम वाढतो."
म्हटलं, बाबा, असं नव्हतं.
"नाटक माह्यं होय का तुह्यं?"
लिहिलं. चिडूनच लिहिलं. वासुदेवला अजून पाठवलं नाही.

४ ऑक्टो., शनिवार
हेमंतचा फोन. मिळालं! पूर्ण फाईल. पेनड्राइव्हवर घेऊन आली. घरच्या लॅपटॉपवर जुना फॉन्ट टाकला अन् सगळं मराठीत उघडलं. शेवटचं पान पाहिलं. माझंच खरं. यमुना मरते.
टाइप करत होती तेव्हाचं आठवलं. आई माझ्या बाजूला बसून ऐकत होती. बाबांना म्हणाली होती, "काहून मारता जी तिले?" बाबा म्हणाले, "पब्लिकले रडू आलं पायजे."
आईला जाऊन पौषात दोन वर्षं होतील. 'बसा, गरम गरम वाढतो' हे तिचं. रोजचं. लिहिताना मला कसं कळलं नाही? बाबांवर तीन दिवस फुगून बसली होती मी. लाज वाटली.

५ ऑक्टो., रविवार
वासुदेव तिसरा अंक न्यायला येऊन राहिला. निघताना फोन केला, शेवट रडवणारा आहे ना ताई, पोरं तेच विचारून राहिली.
फोन स्पीकरवर होता. बाबा म्हणाले, "जुनं भेटलं का वं?"
भेटलं म्हटलं तं विचारतील, त्यात शेवट काय आहे. यमुनाचं मरण वाचून दाखवावं लागेल. नाही म्हटलं तं त्यांनी अठरा वर्षांपूर्वी लिहिलेलं मीच दाबून ठेवलं असं होईल.
"पाहून राहिली, बाबा."
दोन्ही शेवट टेबलावर आहेत, एक प्रिंट, एक माझ्या अक्षरात. वासुदेव अकरापर्यंत येतो म्हणाला. साडेदहा झाले.