हक्कसोडपत्र आणि मुऱ्हाळी

नंदनवन, नागपूर
२ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप जागेश्वरभाऊस,
धाकट्या अनुसयाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुहा आवाज ऐकला का मले रडू येते, म्हणून लिहून राहिली. भाऊबीजेले तब्येतीचं कारण सांगितलं, ते खोटं होतं गा. मी आली होती. उमरेडच्या स्टँडवर उतरली, चौकापर्यंत चालत आली. वहिनी अंगणात रांगोळी काढून राहिली होती. मी तिथूनच मागं फिरली अन् नागपूरची बस धरली.

उन्हाळ्यात मी हक्कसोडपत्रावर सही केली, ते खुशीनं. तुले घर नवं बांधाचं होतं, बँकेले तो कागद पाह्यजे होता. पण ऑफिसात बाबूनं मोठ्यानं वाचलं, का यापुढं त्या घराशी माहा काहीच संबंध राह्यला नाई. सरकारी कागदावर सही-अंगठा देऊन मंग कोणत्या तोंडानं यावं? बाबांच्या हातमागाच्या खड्ड्यावर फरशी टाकली म्हणते, तेवढी पाहाची होती. जीव लागून राहते तिकडं.

हे हक्कसोड म्हणजे नेमकं काय असते, कुठून आलं, वकिलाले विचारून सांग. वहिनीले नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुही,
अनुसया

उमरेड
८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. अनुसयास अनेक आशीर्वाद.

येडी हायस का वं? चौकातून मागं फिरली! पत्र वाचून आधी लय राग आला. तुही वहिनी तं दिवसभर जेवली नाई.

वकिलाकडं जाऊन आलो. तो म्हणे, हक्क हा शब्द मुळात अरबी, फारसी कारभारातून आपल्याकडं आला. अरबीत त्याचा अर्थ सत्य असाही होते. सोड मात्र आपल्या घरचा. एका वारसानं मालमत्तेतला आपला हिस्सा दुसऱ्या वारसासाठी सोडला, एवढाच त्याचा मतलब. कागदातला संबंध म्हणजे मालकीचा. मी विचारलं, बहिणीचं येणं, रुसणं, चार दिवस हट्टानं जास्त राहणं, हे कोणत्या कागदानं सुटते? तो हसला, म्हणे असा कागद कायद्यात नाहीच.

पण तू आता आपणहून येणार नाईस, हे मले समजते. आईले माहेरी न्याले मामा मुऱ्हाळी बनून येत होता. आता पोरी आपापल्या गाडीनं येतात, मुऱ्हाळी कोणी धाडत नाई. मी येतो. पुढच्या रविवारी, १६ तारखेले, सकाळच्या बसनं. गुडघे कुरकुरले तं कुरकुरू दे.

जावईबापूंना नमस्कार सांग. थोरल्या भावावर लोभ असू दे.

तुह्या दारात उभा राहून साऱ्या नंदनवनाले ऐकू जाईन असं म्हणतो, का आमची पोरगी न्याले आलो.

तुहा,
जागेश्वरभाऊ