निळ्या बटणांचा कीबोर्ड

प्रिय रेणू,

टाइप केलेलं पत्र पाहून तू नाक मुरडशील. पण पेन सध्या बोटांतून निसटतं, आणि खरं सांगायचं तर नवा कीबोर्ड मला कुणाला तरी दाखवायचाच होता. घरात त्याचं कौतुक कुणाला नाही, नवऱ्यालाही नाही. इश्वर भांड्यांच्या दुकानातून आले की चहा मागायच्या आधी विचारतात, "हे टकटक कधी बंद होते?" मी म्हणते, अर्ज संपला की.

कोर्टाजवळचं माझं टायपिंगचं दुकान तू पाहिलं आहेसच. ऑपरेशननंतर ते बरेच दिवस बंद होतं. मग नागपूरचं औषध सुरू झालं, तेव्हा आधी केस गेले, पाठोपाठ बोटांच्या टोकांची जाणीव गेली. केस परत आले, तेही कुरळे. लहानपणी मी ज्यासाठी रडायची, ते आता मिळालं. बोटं मात्र अजून बधिर आहेत. ब्लाउजचे हुक लागत नाहीत. तांदूळ निवडायला बसले तर खडा चिमटीत आला की नाही, ते डोळ्यांनी बघावं लागतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हळूहळू सुधारेल, धीर धरा.

धीर धरून दुकान उघडलं. पहिलंच काम लग्नपत्रिकेचं होतं, आंधळगावच्या मंडळींचं. जुन्या कीबोर्डची चपटी बटणं दाबली गेली की नाही, तेच मला कळेना. कुठे एक अक्षर दोनदा उमटे, कुठे उमटतच नसे. नवरीचं नाव हर्षा. तिचा काना गळला आणि पत्रिकेत 'चि. सौ. कां. हर्ष' आली. तिचे वडील कच्चा कागद हातात धरून शांतपणे म्हणाले, "बाई, आमच्या पोरीले पोरगा काहून केलं?" आम्ही दोघंही हसलो. ते गेल्यावर मात्र मी शटर अर्धं ओढून बसून राहिले. वीस वर्षं ज्या बोटांवर घर चाललं, ती आता परक्याची वाटत होती.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. बोटाला कळत नसेल, तर आणखी कशाला कळवता येईल का? पुढच्या तपासणीला नागपूरला गेलो, तेव्हा इश्वरना म्हटलं, जाता जाता बर्डीच्या बाजारात कॉम्प्युटरच्या दुकानात डोकावू. तिथे दामिनी नावाची मुलगी होती. मी सगळं सांगितलं. तिनं कीव केली नाही, हे मला फार आवडलं. तिनं एक पट्टी समोर ठेवली. तिच्यावर वेगवेगळ्या रंगांची बटणं बसवलेली होती. "ताई, रंग सोडला तर वरून सारखेच दिसतात. आतली स्प्रिंग अन् यंत्र येगळं आहे. दाबून पाहा."

लाल दाबलं, तर लोण्यात बोट गेल्यासारखं झालं. कुठे थांबलं, पत्ता नाही. तपकिरी म्हणे मध्येच बारीक अडखळतं. मला काहीच लागलं नाही, आणि मी जरा खट्टू झाले. मग निळं दाबलं. टक्. टोकाला काही जाणवलं नाही, पण दुसऱ्या पेरात हलकासा धक्का पोचला, आणि त्याच क्षणी कानाला कळलं. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तसंच. मग मला राहवेना. आवाज येतो कुठून? दामिनीनं एक बटण उघडून दाखवलं. आत एक इवलासा तुकडा आहे. बटण अर्ध्यावर आलं की तो उडी मारून खाली आपटतो, आणि अक्षर त्याच सुमारास उमटतं. म्हणजे तळापर्यंत दाबायची गरजच नाही. आपण टायपिंगच्या क्लासमध्ये जीव खाऊन ठोकायचो, आठवतं?

दामिनी म्हणाली, "हे लय आवाज करते ताई, घरचे वैतागून जातीन." मी इश्वरकडे पाहिलं. त्यांनी स्वतः चार-पाच बटणं दाबून पाहिली, मग म्हणाले, "पाण्याचा पितळी गुंड घेताना माणूस वाजवूनच घेते ना. घे हाच."

महिना झाला. वेग पूर्वीचा नाही, पण आवाज आला नाही की मी थांबते, स्क्रीन बघते, पुन्हा दाबते. काल एक लांबलचक शपथपत्र एकही अक्षर न गाळता दिलं.

आता जे फोनवर बोलता येत नाही, ते लिहिते. ऑपरेशन कशाचं, ते तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. छातीच्या गाठीचं होतं, रेणू. कॅन्सरच होता. मागे बोलता बोलता तू म्हणालीस, "काखेजवळ गाठीसारखं लागते, पण दुखत नाही," आणि लगेच धानाच्या कापणीच्या विषयावर गेलीस. त्यानंतर दोनदा मी विषय काढला, दोनदा तू फोन ठेवलास. माझीही गाठ दुखत नव्हती. बहुतेक गाठी साध्याच निघतात, तुझीही तशीच निघो. पण ते तपासल्यावरच कळतं. मी सोमवारी एसटीनं तुझ्याकडे दिघोरीला येते. मंगळवारी माझी नागपूरला तपासणी आहे. घरी सांग, रुचिताला एकटीनं जायची भीती वाटते, म्हणून मी तिच्यासोबत चालली. खोटं बोलल्यासारखं वाटू देऊ नकोस. मला खरंच भीती वाटते.

पिशवी भरून ठेव. येतेच आहे.

तुझीच,
रुचिता