जगात उदगीर जिल्हा झाला, मुंबईला कळायचं आहे

तीर्थस्वरूप विरूपाक्षमामांच्या चरणी भाचा बसवंतचे शरणार्थ. तुमचा गुडघा नि मामींचा दमा आटोक्यात असावा, आणि मुंबईत नळाला पाणी असावं. (हे शेवटचं हेव्यानं लिहिलं.) इकडं उदगिरात सारं कुशल आहे, असं लिहायची रीत म्हणून लिहितो. आता खरं ऐका. मी बुडालो आहे, तेही दुष्काळात.

संगणकाच्या त्या फुकट प्रणालीत मी फावल्या वेळात इंग्रजी शब्दांच्या जागी मराठी भरतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (पगार किती, असं तुम्ही दर दिवाळीला विचारता, अजून तोच.) मठाच्या दासोहाला जो तो शिधा आणतो, तशी जगभरची माणसं तीत भर घालतात. त्यात जिल्हे निवडायची यादी असते. प्रजासत्ताक दिनी उदगीर जिल्हा जाहीर होणार अशी आवई उठली, बाजारात पेढे वाटले गेले, आणि मीही यादीत ‘जिल्हा उदगीर’ घालून मोकळा झालो. दुरुस्त्या तपासणाऱ्या परदेशी बाईंनी पुरावा मागितला. मी दुकानांच्या पाट्यांचे फोटो धाडले. आपल्याकडं सरकारच्या आधी पेंटर जिल्हा करतो. (पाटीवर ‘नियोजित’ असं बारीक अक्षरात होतं, पण नेमका तिथं माझा अंगठा आला.) बाईंनी विश्वास ठेवला. सरकारनं मात्र जिल्हा केला नाही.

तोवर गावात बभ्रा झाला. जिल्हा कृती समितीचे अध्यक्ष गुंडप्पा आडते यांनी माझा सत्कार केला. म्हणाले, “लातूरला रेल्वेनं पाणी यायलंय, का? तर ते जिल्हा हाय! बसू, जगात झालोत आपन जिल्हा, मुंबईला कळायचं ऱ्हायलंय फक्त.” टंचाईमुळं शाल-श्रीफळाऐवजी त्यांनी आपल्या बोअरचा पाइप आमच्या अंगणात सोडला. त्या दिवशी आईनं कित्येक आठवड्यांनी डोक्यावरून अंघोळ केली आणि ओल्या केसांनी ओसरीवर बसून रडली. मलाही राहवलं नाही.

पण हे यादीत पाहून, माझ्यासारखंच तिथं मराठी भरणाऱ्या किनवटच्या केरबानंही ‘जिल्हा किनवट’ घातला. (पाटीचा फोटो जोडून! माझंच बघून शिकला.) बाई बिथरल्या. त्यांनी शासनाचा आदेश मागितलाय. तो नसेल तर घालणाऱ्यानं आपल्या हातानं काढायचं, ही तिथली शिस्त. नाही काढलं, तर तिथं भर घालायचा माझा हक्क जाईल आणि इतक्या वर्षांचं मराठी वाऱ्यावर पडेल. गुंडप्पांना हे सांगितलं तर शांतपणे म्हणाले, “काढ की. तू जिल्हा काढ, मी पाइप काढतो.”

मामा, मराठी ठेवू की आईचं पाणी? मला काही सुचत नाही. बाईंना रोज ‘आदेश वाटेत आहे’ असं कळवतो, आणि स्वतःची लाज वाटते.

आपला भाचा,
बसवंत

ता. क. तुम्ही मंत्रालयात आहात (आवक-जावक विभाग का होईना). तेवढा जिल्हा करून घ्या. सोमवारपर्यंत चालेल.

ता. क. २. जिल्हा जमतच नसेल, तर तुमच्या कचेरीच्या दाराशी ‘जिल्हा उदगीर’ अशी पाटी धरून एक फोटो तरी पाठवा. ‘नियोजित’ लिहाच, खोटं नको. फक्त अंगठा जरा बघून धरा.