एका घराचे दोन बिशप

७ मार्च १९९३, रविवार

आजही दोन वाटा! मी आणि डॅडी पिकअपमधून आमच्या चर्चला, म्हणजे हमरस्त्यावरच्या बंद पडलेल्या बुटांच्या दुकानात. ममा शेजारणीच्या गाडीतून तिच्या चर्चला. नऊ वर्षं हेच चाललंय. प्रार्थनापुस्तक एकच, बिशप दोन!

आमच्या धर्मप्रांताला हद्दच नाही. बिशप सहाशे मैलांवर राहतात. ज्याला जो बिशप पटला, तो त्याचा.

भांडण कशावरून? नव्या बिशपच्या डोक्यावर तीन बिशपांनी हात ठेवायचे असतात. ममाच्या बिशपच्या वेळी दोघेच पोचले, तिसरे बर्फात अडकले. म्हणून डॅडींच्या लेखी तो बिशपच नाही, आणि त्याच्या पाळकाच्या हातचं प्रभुभोजन म्हणजे नुसता पावाचा तुकडा.

मंडळी फुटली तेव्हा ते लोक वेदी घेऊन गेले. ती ममाच्या वडिलांनी घडवलेली. वेदीपाठोपाठ ममाही तिकडे गेली.

९ मार्च

डॉक्टर म्हणाले, ममाला ईस्टर दिसेल असं वाटत नाही. येताना गाडीत ममा म्हणाली, "बाबांच्या वेदीपुढे होलिसच्या, तुझ्या डॅडींच्या, शेजारी गुडघे टेकायचेत गं. एकदाच."

१० मार्च

डॅडींना सांगितलं.

"कॉलेजात हेच शिकवलं का, लेटा?"

"ती मरतेय, डॅडी!"

"म्हणून मी देवापुढे खोटं वागू?"

मग अंगणात जाऊन पिकअपचं बॉनेट उघडून उभे राहिले. हातात पान्हासुद्धा नव्हता.

११ मार्च

आमच्या बिशपना चार पानी पत्र टाकलं. घरातली पहिली पदवीधर मी. नीट मांडलं की माणसं ऐकतात, यावर माझा अजून विश्वास आहे.

२६ मार्च

उत्तर आलं! 'प्रभुभोजन घेऊ नये. पण बायकोशेजारी गुडघे टेकायला नवऱ्याला माझी परवानगी कशाला हवी?'

डॅडींनी पत्र दोनदा वाचलं. "ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी येतो म्हणावं."

"परवाच चला ना!"

"परवा बायबल वाचायची पाळी माझी आहे. शब्द दिलाय."

ममा हसली. "नऊ वर्षं थांबले, अजून एक आठवडा! त्याचा निळा सूट इस्त्री कर. चुरगळलेला नको हं."

३ एप्रिल, शनिवार

सकाळी गेली. सूट दाराला टांगलेला आहे.

४ एप्रिल

झावळ्यांचा रविवार. आज कुणीच कुठे गेलं नाही.

६ एप्रिल

दफन झालं. ममाचे पाळक फादर क्रँडल यांना म्हटलं, "तुमच्या हातचं प्रभुभोजन, तेवढाच तिला आधार होता."

ते गोंधळले. "माझ्या हातचं? पोरी, नऊ वर्षांत तिनं एकदाही घेतलं नाही. दर रविवारी वेदीपुढे यायची, हात छातीवर दुमडून नुसता आशीर्वाद घ्यायची. म्हणायची, होलिस आला की घेईन."

डॅडी माझ्या मागेच उभे होते.